फौजीमामांचा ठावठिकाणा

फौजीमामा कुठे आहेत, हे फोनवर विचारून कळलेला माणूस आमच्या घराण्यात नव्हता. "मामा, कुठं आहात?" म्हटलं की पलीकडून एकच उत्तर यायचं, "आपल्या जाग्यावर हाओ." मामी स्वयंपाकघरातून फोन करायच्या आणि मामा बाहेर ओसरीवर असायचे, तरी उत्तर तेच.

मामांची उभी नोकरी तोफखान्यात नकाशांवर गेली. आधी कागदाचा नकाशा, मग पडद्यावरचा. घाटंजीजवळ आपल्या गावी येऊन कापूस पेरू लागले, पण सवय सुटली नाही. एका नव्या लग्नाच्या जवानानं बायकोला फोनवरून लोकेशन पाठवलं आणि अख्ख्या तुकडीला तंबू उपटावे लागले, हा किस्सा ते लग्नाच्या पंगतीत, नवरदेवाकडे बघत सांगायचे. "बायकोले पाठवलं तं दुश्मनाले पोचलंच समज!" मी बाजारातून फोटो टाकला की लगेच फोन यायचा, "पोट्ट्या, मांगं पाण्याची टाकी दिसून राह्यली. तोफ डागाले एवढं पुरते." माझ्यावर दारूगोळा कोण वाया घालवणार, हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

बोंडअळीच्या त्या वर्षी जो तो कीटकनाशक फवारत होता. मामांचा फवारणीवाला आला नाही, म्हणून पंप मीच पाठीवर घेतला. नाकाला रुमाल आणि अंगात दांडगा उत्साह, एवढंच माझं चिलखत. दुपारपर्यंत एकेका झाडाची दोन दिसू लागली. यंदा पीक दुप्पट, असं वाटेपर्यंत उलट्या सुरू झाल्या.

मामांनी मला ओढत बाभळीखाली नेलं, कपडे काढून अंगावर पाणी ओतलं आणि रुग्णवाहिकेला फोन लावला. चालकानं शेत कुठं म्हणून विचारताच त्यांनी खणखणीत आवाजात नकाशाचे सहा आकडे सांगितले.

"काका, आकडे नका सांगू, जागा सांगा!"

"जागाच सांगून राह्यलो न!"

"देऊळ, शाळा, काही हाय का जवळ?"

"कापसाची पराटी हाय. चारी बाजूनं पराटी."

"मंग लोकेशन टाका न बाप्पा!"

माझा श्वास घरघरत होता. मामा माझ्याजवळ उकिडवे बसले. जे आयुष्यभर कुणाला करू दिलं नाही, ते करतात कसं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. "सांग बे, कोठी दाबाचं?" मला पडदाही दिसत नव्हता. आठवून आठवून सांगत गेलो. नकाशावर कधी न चुकलेलं त्यांचं बोट दोनदा भलतीकडेच पडलं.

गाडी थेट शेताच्या धुऱ्यापर्यंत आली. मी वाचलो. वॉर्डात माझ्यासारखे बरेच होते. सगळेच घरी परतले नाहीत.

मला घरी सोडलं तेव्हा मामांनी शिवारातले पंपवाले शेतात रांगेनं उभे केले होते. आधी चालकाला लोकेशन, मग पंप, असा हुकूम. शिकवायला मला जुंपलं. उभं राहिलं की भोवळ यायची, पण त्या फौजेत रजा नव्हती.

रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं चिडवलं, "काहून फौजी, आता दुश्मन पायत नाही का आपल्याले?"

मामांनी त्याच्या पाठीवरच्या पंपावर दोन टिचक्या मारल्या.

"तो तं इथं बसला हाय, गड्या. त्याच्यापासून कायचं लपतं?"