गोलमधला चणा

विमानतळाची भिंत आमच्या मैदानाला लागूनच. गोलकिक जरा जोरात बसली की बॉल पलीकडे जायचा आणि वॉचमनच्या हातापाया पडून परत आणावा लागायचा. तरीसुद्धा मी आखातात निघालो त्या संध्याकाळी पपांनी टॅक्सी बोलावली. पोरगा फॉरेनला चाललाय, तो काय डोक्यावर बॅग घेऊन मैदानातून चालत जाणार, असं त्यांचं म्हणणं. टॅक्सी यायला वेळ होता म्हणून सगळे गावठाणातल्या क्रुसाजवळ जमले होते. आई चण्याचा टोप घेऊन उभी होती, पास्कूकाका कोणाशीतरी भांडत होते, आणि मी खिशातला पासपोर्ट दहाव्यांदा चाचपत होतो. आधीच सांगून टाकतो, मी भित्रा माणूस आहे.

गोलकीपर शूर असतो असं म्हणणारे लोक कधी गोलमध्ये उभे राहिलेले नसतात. मी चांगला गोलकीपर होतो तो भीतीमुळेच. समोर बॅक उभे आहेत यावर माझा कधी विश्वास बसला नाही. बॉल पार पलीकडच्या गोलपाशी असला तरी माझ्या पोटात गोळा यायचा, त्यामुळे गाफील असा मी कधी सापडलो नाही.

तुम्ही जे अंधेरीत, गावठाणातच राहिलात, त्यांना पुढचं सगळं ठाऊक आहे. पण आपल्यातले किती जण आता बोरिवलीला आणि वसईला गेले, किती माझ्यासारखे इकडे वाळूत येऊन पडले. त्यांच्या पोरांना हे कोण सांगणार, म्हणून लिहितोय.

मे महिन्यात आपल्याकडे रोज संध्याकाळी क्रुसाजवळ रोझरी म्हणतात. प्रार्थना संपली की उकडलेले चणे वाटायचे, मीठ आणि खोबऱ्याचे तुकडे घातलेले. बायकापोरं आपापला वाटा घेऊन घरी जातात आणि पुरुषमंडळी क्रुसाच्या पायरीवर क्लबची ऑल-टाइम टीम निवडायला बसतात. गावठाणातून आजवर जेवढे खेळले त्यातले सगळ्यात भारी अकरा. एकेक चणा म्हणजे एकेक खेळाडू. पायरीच्या एका टोकाला गोलकीपर, मग दोन बॅक, तीन हाफ, पाच फॉरवर्ड. सेंटर फॉरवर्ड बॉस्को यावर वाद नाही, कारण तो अनवाणी पायाने असा शॉट मारायचा की बांबूचा गोलपोस्ट हलायचा. बाकी सगळ्यांवर भांडण. टीम जवळपास तीच असते, भांडण मात्र दर वर्षी नवं.

टीम ठरली की ती उचलायची. जो हयात आहे त्याचा चणा, ज्याने मांडला त्याने तिथल्या तिथे खाऊन टाकायचा. जो देवाघरी गेला त्याचा तसाच पायरीवर राहू द्यायचा, सकाळी चिमण्या नेतात. हे कोणी सुरू केलं कोणालाच ठाऊक नाही. फादर म्हणायचे, देवळात असं काही शिकवलेलं नाही, आणि स्वतःच मूठभर चणे तोंडात टाकून निघून जायचे. पण आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं की खाल्लेला आपल्यात आहे आणि राहिलेला गेला.

गोलमध्ये कायम आग्नेलमामा असायचा. आईचा धाकटा भाऊ. जहाजावर नोकरीला गेला आणि समुद्रात पडला म्हणे. बॉडी मिळाली नाही, म्हणून तो गेला असं कोणी म्हणायला धजत नव्हतं. पपा दर मे महिन्यात मामाचा चणा मांडायचे आणि मुकाट खाऊन टाकायचे. मग एका वर्षी त्यांनी तो नाही खाल्ला. पायरीवर राहू दिला. आई टोप कमरेवर घेऊन तडक घरी गेली. त्या दिवशी मामा आमच्यासाठी मेला.

तर मी निघालो त्या संध्याकाळी पपांच्या अंगात काय आलं कोण जाणे. त्यांनी गोलमधला मामाचा चणा उचलून बाजूला ठेवला आणि तिथे दुसरा मांडला. म्हणाले, "आजपासून गोलमध्ये माझा सिल्वू."

पास्कूकाका उसळलेच. "आग्नेल तो आग्नेल रे. तुझा पोरगा झेपा मारतो. आग्नेलला झेप मारायलाच लागायची नाही, बॉल येतो तिथं तो आधीच उभा."

लहानपणापासून मी या एका गोष्टीसाठी झुरलो होतो. ऑल-टाइम टीममध्ये माझा चणा. आणि तो मांडला गेला तेव्हा मला आनंद व्हायच्या आधी घाम फुटला, कारण मी आईकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"त्या जाग्यावर नको हो," आई म्हणाली. "दुसरीकडं कुठं पण ठेवा. माझ्या पोराला त्या जाग्यावर नको."

"अगं, गोलकीपर गोलमध्ये नाही तर काय कॉर्नरला उभा राहील?" पपा म्हणाले, आणि सगळे हसले. मीही हसलो. तेवढ्यात टॅक्सीचा हॉर्न वाजला. एकच धांदल उडाली. मंडळींनी आपण मांडलेले चणे पटापट तोंडात टाकले, कोणी माझ्या कपाळावर क्रूस काढला, कोणी लोणच्याची बरणी हातात कोंबली. आई मला धरून टॅक्सीत बसली. पपांच्या दोन्ही हातांत माझ्या बॅगा होत्या, ते तसेच पुढे बसले. टॅक्सी वळली तेव्हा मी मागे बघितलं. पायरीवर गेलेल्यांचे चणे होते आणि गोलमध्ये माझा होता.

मी काही बोललो नाही. बोललो असतो तर पपांनी टॅक्सी थांबवली असती, उतरून खाल्ला असता, विषय संपला असता. पण असल्या गोष्टी तोंडाने बोलल्या की खऱ्या होतात, असं मला वाटायचं. आजही वाटतं.

इथे तेलाच्या टाक्या रंगवायचं काम मिळालं. टाकी म्हणजे आपल्या देवळाहून उंच, आणि बाहेरून परांची बांधून त्यावर उभं राहायचं. खाली बघितलं की पायरीवरचा चणा आठवायचा. गरम वाऱ्याने फळी हलली की चणा. कॅम्पमध्ये कोणाला ताप आला तरी मी आधी स्वतःच्या कपाळाला हात लावून बघायचो. घरून पत्रं यायची, त्यात डुकराला पिल्लं झाली, विहिरीचं पाणी आटलं, सगळं असायचं. मे महिन्याच्या पत्रात टीमबद्दल मात्र अक्षर नसायचं. मीही विचारत नव्हतो. न विचारलेलं बरं, नाहीतर कळायचं.

खोलीत माझ्याबरोबर मालवणचा सावंत होता. त्याला एकदा न राहवून सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला. "अरे, चण्यान कोण मरता काय? मेलस तर ह्या कॅम्पातल्या डाळीन मरतलस." मग थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "पण तुझ्या बापसाक विचारून तरी बघ." म्हणजे तोही घाबरला होता.

मग एकदा फळी खरंच सरकली. माझ्या पायाखालची, एका टोकाकडून. रंगाचा डबा खाली गेला आणि त्याचा आवाज यायला इतका वेळ लागला की मी येशूचं नाव पूर्ण घेऊ शकलो. मी मात्र वरच होतो, पाइपाला दोन्ही हातांनी लटकलेला. डोक्यात विचार वगैरे काही नव्हता. हातांनीच काय ते केलं, जसे ते बॉलला जायचे. सुपरवायझर खालून ओरडत होता, मला एवढंच ऐकू येत होतं की आई म्हणतेय, त्या जाग्यावर नको. खाली उतरवल्यावर मी टाकीला पाठ लावून बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. त्यानंतर मी सुट्टी मागितली.

विमान उतरताना खिडकीतून मैदान दिसलं, गोलचे बांबू दिसले. मे महिनाच होता. घरी पोचलो तर आई मला चाचपून बघत राहिली, खांदे, दंड, बोटं. मी फळीचं काही सांगितलं नव्हतं. पपा नुसते "बारीक झालास" म्हणाले.

संध्याकाळी रोझरी झाली, चणे वाटले, मंडळी पायरीवर बसली. पपांनी टीम मांडायला घेतली. बॅक झाले, हाफ झाले, बॉस्को झाला, पास्कूकाका लेफ्ट आउटवरून भांडले. आणि मी बघतोय तर गोल रिकामा. दहाच चणे. त्यावरून कोणी भांडतही नव्हतं, पास्कूकाकासुद्धा. म्हणजे हे आजचं नव्हतं.

मी विचारलं, "पपा, गोलमध्ये कोण?"

पपा चणे सारखे करत राहिले. आईच बोलली. "तुला ठेवला तर भीती. आग्नेलला परत ठेवला तर तुला काढल्यासारखं. म्हणून तू गेल्यापासून उघडाच गोल."

आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. "आणि त्या दिवशीचा चणा? तो कोणी खाल्ला?"

पपांनी आईकडे बघितलं. आईने पपांकडे बघितलं. आणि दोघांचीही तोंडं एकदम उतरली, ती मी मरेपर्यंत विसरणार नाही. मला एअरपोर्टवर सोडून आल्यावर पपा गुपचूप पायरीकडे गेले होते. गोलमधला चणा नव्हता. त्यांना वाटलं, आईने खाल्ला. आईही गुपचूप जाऊन आली होती. तिला वाटलं, पपांनी खाल्ला. खाल्ला असणार, असं दोघं स्वतःला समजावत होते. पण विचारायची हिंमत एकाचीही झाली नाही, कारण समोरच्याने नाही म्हटलं असतं तर? एका घरात, एका ताटाजवळ बसून दोघं त्या एका चण्याला घाबरत राहिले, आणि तिकडे परांचीवर मी.

"कोंबडीनं नेला असेल," पास्कूकाका म्हणाले.

पपांनी टोपात हात घातला. एक चणा काढला आणि गोलमध्ये मांडला. कोणी वाद घालायच्या आत, टीम ठरली म्हणायच्या आत, त्यांनी तो उचलून तोंडात टाकला आणि चावला. आईने त्यांच्या तोंडाकडे बघत विचारलं, "गिळलात?" पपांनी जीभ काढून दाखवली. तेव्हा कुठे ती पायरीवर बसली.

मी परत इकडे आलो. भीती गेली म्हणाल तर अजिबात नाही. टाकी तेवढीच उंच आहे. पण आता पत्रात येतं: टीम झाली, पपांनी तुला पहिला खाल्ला. यंदा लिहिलंय की पपांचे दात गेले, चणा चावत नाही, म्हणून आई तो पाट्यावर वाटून देते.

ते वाचलं आणि मला नवीच भीती बसली. पपा स्वतः लेफ्ट हाफ खेळायचे, आणि टीम मांडण्यात पुढाकार त्यांचाच, म्हणून लाजेने त्यांनी स्वतःला कधी टीममध्ये घेतलं नाही. म्हणजे आजवर त्यांचा चणा कोणीच खाल्लेला नाही.

म्हणून या मे महिन्यात मी कॅम्पच्या स्टोव्हवर चणे उकडले. बिस्किटाच्या डब्याच्या झाकणावर टीम मांडायला घेतली, सगळ्यात आधी लेफ्ट हाफला पपा. सावंत म्हणाला, "तुझो बापूस खरोखर इतको भारी खेळायचो?" खरं सांगायचं तर नाही, बरा खेळायचे. घर कुठलं विचाराल तर मला आता पत्ता सुचत नाही, ज्यांच्यासाठी पोटात गोळा येतो ती माणसं सुचतात. मी आधी पपांचा चणा उचलला, चावला, गिळला, आणि मग सावंतला म्हटलं, हां, आता बोल, लेफ्ट आउटला कोण.