खालून कापलेली ओळ

सोमवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी चाकणमधल्या एका कारखान्याच्या गेटवर एका कंत्राटी कामगाराचा पास चालला नाही. त्याने पास शर्टाला पुसून पुन्हा मशीनवर धरला. दिवा लालच लागला. त्याच्या मागे पहिल्या पाळीची रांग होती. सुरक्षा रक्षकाने पडद्यावर पाहून सांगितलं, "भावा, तू काम सोडलंयस असं दाखवतंय."

तो मूळचा लातूरकडचा. बहिणीच्या लग्नासाठी चार दिवसांची मंजूर रजा घेऊन गेला होता आणि आदल्या रात्रीच्या एसटीने परतला होता. या कारखान्यात सलग दोन वर्षं भरली की कंत्राटी कामगाराला कायम करण्याच्या परीक्षेला बसता येतं. त्याचे एकोणीस दिवस बाकी होते.

त्याचा पास शनिवारी दुपारी एजंटने बंद केला होता. एजंट म्हणजे संगणकातला कारकून, माणूस नव्हे, एआय प्रोग्रॅम. हजेरी पाहणं, बसची यादी बदलणं, पास बंद करणं अशी साधनं त्याच्या हाती दिलेली असतात. कोणतं साधन कधी वापरायचं, हे त्याला प्रत्येक साधनाच्या वर्णनावरून ठरवावं लागतं. ती वर्णनं मी लिहिते. या कामाआधी वीस वर्षं मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते.

पास बंद करण्याच्या साधनाचं माझं वर्णन असं होतं : 'ज्या कामगाराच्या नावापुढे पास जमा केल्याची नोंद आहे, त्याचा पास कायमचा बंद करतो.' काम सोडणारा माणूस पास जमा करतो, हा सगळ्या कारखान्यांचा नियम आहे. या कारखान्यात आणखी एक रीत होती. गावी जाणारी पोरं प्रवासात पास हरवत, म्हणून सुपरवायझर रजेवर जाणाऱ्याचा पास स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवून घेई आणि 'पास जमा' अशी नोंद करी. परतल्यावर गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर पास परत मिळे.

ही रीत मला माहीत होती. सुपरवायझरनेच दोन महिन्यांपूर्वी सांगितली होती. मी ती वर्णनाच्या शेवटी लिहिलीही होती : 'रजेवर असलेल्यांसाठी वापरू नये. आधी रजेची नोंद पाहावी.' नंतर वर्णन लांबलं असं वाटलं. डेस्कवर बातमी लांबली की खालून कापतात, कारण महत्त्वाचं वर असतं. मी खालून कापलं.

साडेसातला मी थेरगावहून येणाऱ्या कंपनीच्या बसमधून उतरले, तेव्हा कामगार, रक्षक आणि सुपरवायझर तिघंही गेटपाशी होते. सुपरवायझर राजगुरुनगरजवळच्या गावचा, जुना माणूस. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या त्या कॉम्प्युटरला सांगा, गडी हितं उभा हाय. पळून गेल्याला न्हाई."

"लग्न बहिणीचं होतं ना?" रक्षक कामगाराला म्हणाला. "मग सासरी निघाल्यासारखं काम तू कशाला सोडलंस?"

कुणी हसलं नाही. कामगार माझ्याकडे पाहत होता. "ताई, म्या काम सोडलं नाही. रजेचा कागद हाय माझ्याजवळ. एकोणीसच दिवस राहिले व्हते."

मी त्याला थांबायला सांगितलं. आठ वाजता एजंट बसवून देणाऱ्या कंपनीला फोन केला. बंद पास पुन्हा उघडण्याचं साधन आहे का, असं विचारलं. नव्हतं. हाताने उघडता येईल का, असं विचारलं. त्यांनी लेखी विनंती मागितली, ती पाठवली. दहा वाजता उत्तर आलं : बंद झालेल्या पासचा क्रमांक पुन्हा देता येत नाही. मी तीच विनंती दुसऱ्या शब्दांत पाठवली. उत्तर तेच आलं.

सव्वादहाला मनुष्यबळ अधिकाऱ्याकडे गेले. ते म्हणाले, "नवा पास काढून देतो. आजच."

"रुजू तारीख जुनी राहील?"

"नव्या पासला नवी तारीख. सिस्टिम दुसरं काही घेत नाही, मॅडम."

"पण चूक त्याची नाही."

"मग कुणाची? एजंटची?"

"एजंटने वर्णनाप्रमाणे केलं."

"आणि वर्णन?"

"माझं."

माझ्याकडे जुना मसुदा होता. कापलेली ओळ त्यात शाबूत होती. पुरावा म्हणून तो मी त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी शांतपणे वाचला. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं," ते म्हणाले. कागद त्यांनी परत दिला.

अकराला मी ती ओळ वर्णनात घातली, या वेळी सर्वात वर. तपासणीत एजंटने रजेवरच्या तीन कामगारांचे पास बंद केले नाहीत. बाराला कारखान्याच्या व्यवस्थापकांना अर्ज लिहिला. दीड वाजता पुन्हा लिहिला. दोन्हींची पोच मिळाली, उत्तर आलं नाही. दोन वाजता खाली गेले. कामगार गेटच्या भिंतीच्या सावलीत उभा होता, पिशवी पायाशी. सुपरवायझरने आणलेला वडापाव तसाच कागदात होता.

"झालं का, ताई?"

मी नाही म्हणाले. त्याने रजेचा कागद उलगडून पाहिला आणि पुन्हा घडी घातली.

तीन वाजून पंचवीस मिनिटांनी नवा पास तयार झाला. कामगार दुसऱ्या पाळीला आत गेला. पासवर रुजू होण्याची तारीख त्या सोमवारची होती.