बसूला भ्यालेला गडी

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला मी साड्यांच्या खऱ्या किमतीसुद्धा सांगते.

देशपांडे नगरात आमचं खेळाच्या सामानाचं दुकान आहे. बसवराज तिथे हाताला बांधायच्या पट्ट्या घ्यायला यायचा. दिवसभर गोकुळ रोडवरच्या कारखान्यात लेथ चालवायचा, संध्याकाळी बॉक्सिंग. पैसे घेऊन लढायचं त्यानं ठरवलं तेव्हा त्याची मॅनेजर मी झाले. का? तर मला बोलता येतं आणि त्याला येत नाही, एवढंच. इतका साधा, की जिंकल्यावर समोरच्याला विचारायचा, "लागलं का हो?" मला अक्का म्हणायचा. अजून म्हणतो.

या धंद्यात लढत आधी फोनवर होते. कार्यक्रम आपल्या गावात असला की तिकिटं आपण खपवायची, समोरचा गडीही आपणच आणायचा — त्याचा प्रवास आपला, मानधन आपलं. मग स्वतःच्या खर्चानं वाघ कोण आणील? मी शेळ्या आणल्या. एकानं वर्षभर सराव केला नव्हता. एक पोट सुटलेला खानावळवाला होता. बसू नऊच्या नऊ लढती जिंकला. हे सगळेच करतात; सांगायचं आहे ते हे नव्हे.

मग बेंगळूरहून बोलावणं आलं. खरा तगडा गडी, टीव्हीवर लढत, बसूला वर्षभराच्या पगाराइतके पैसे. त्याच्यासाठी याहून मोठं काय असणार होतं? पण हरला असता तर? पोस्टरवर 'अजिंक्य' लिहिलेलं होतं म्हणून बाजारातले व्यापारी जाहिराती देत होते, आणि प्रत्येक जाहिरातीत माझा वाटा होता. त्याला मार बसेल म्हणून घाबरले, असं मनाला सांगून पाहिलं. पण — नाही. मी माझा वाटा पाहिला.

परस्पर नकार कळवला. आणि बसूला म्हटलं, "तो गडी तुला भ्याला रे. मागं सरला."

केवढा खूश झाला. कारखान्यात सगळ्यांना पेढे वाटले, मलाही पावशेर आणून दिले. तसं बोलावणं पुन्हा आलं नाही. पुढे खांदा दुखायला लागला आणि त्यानं खेळणं सोडलं.

गेल्या महिन्यात नवनगरात त्याच्या मुलीचा साखरपुडा झाला. जेवताना बसू नव्या व्याह्यांना सांगत होता, "बेंगळूरचा गडी मला भिऊन आलाच नाही बघा. विचारा की आमच्या अक्कांना. हौदल्री अक्का? खरं की नाही?"

पेढे आणले त्या दिवशीचाच चेहरा. माझा किती जीव आहे त्याच्यावर, आणि मी —

"हो की," म्हटलं.

त्यानं आग्रहानं माझ्या पानात दुसरी पुरणपोळी वाढली, वर तूप सोडलं. मी ती सगळी खाल्ली.