मोठ्या आईचं डोळ्यांचं औषध

वाशिमला आमचं औषधांचं दुकान आहे. दुपारी नवरा जेवायला गेला की गल्ल्यावर मी बसते. कोणाची शुगरची गोळी संपत आली असेल, कोणाची बदलली, हे मला तोंडपाठ असतं. नेहमीचं गिऱ्हाईक फिरकलं नाही तर मी स्वतः फोन करते. आणि माझ्या सख्ख्या मोठ्या आईचं औषध कित्येक महिने कोणी मागवलं नाही, तेव्हा मात्र मी फोन केला नाही.

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. वाशिमजवळच्या शिरपूरला, तीर्थाच्या गावी राहते. तिला मूलबाळ झालं नाही. आमच्या खेड्यात हायस्कूल नव्हतं, म्हणून मी आणि माझा धाकटा भाऊ तिच्याकडे राहून शिकलो. मोठे बाबा पोस्टात होते. ते गेल्यावर तिला पेन्शन सुरू झाली. राहतं घर आणि शेजारची मोकळी जागा तिच्या नावावर झाली. त्याच सुमारास भावाचं रिसोडच्या अडत्याकडचं काम सुटलं, आणि बायको-लेकरं घेऊन तो तिच्याकडे राहायला गेला.

"मी सांभाळतो तिले. तू फिकीर नोको करू, ताई," तो म्हणाला.

मी फिकीर सोडून दिली. नुसती सोडली नाही, मला हायसं वाटलं. तिला वाशिमला आणायचं म्हटलं असतं तर घरात जागेवरून कुरकुर झाली असती. ती आता टळली होती.

तिला काचबिंदू होता. डोळ्यातला दाब वाढू नये म्हणून रोज थेंब टाकावे लागत. भावाचा फोन आला की मी बाटली एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची आणि त्यानं शिरपूरच्या स्टँडवरून ती घ्यायची, असं ठरलं होतं. पैसे तो मोठ्या आईच्या पेन्शनीतून पाठवायचा. सुरुवातीला फोन वेळच्या वेळी यायचे. मग लांबले, आणि मग बंद झाले. बाटली किती दिवस पुरते हे मला माहीत नव्हतं असं नाही. घेत असेल तिकडच्याच दुकानातून, अशी मी मनाची समजूत घातली. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, मी शिरपूरला गेले. मोठी आई चहा घेऊन आली आणि कप माझ्या हातात न देता हाताच्या बाजूला, हवेत सोडला. चहा माझ्या साडीवर सांडला.

"भाजलं काय वं माय? मले वाटलं तू धरला."

मी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून खिडकीकडे वळवला. "मोठी आई, थेंब टाकते ना?"

"संपले ना. तो म्हने, पेन्शन नाई आली अजून. आली की आनू."

पेन्शन अशी थांबत नसते. बाहेर मोकळ्या जागेत देवळात आलेल्या यात्रेकरूंच्या गाड्या उभ्या होत्या आणि भाऊ पार्किंगच्या पावत्या फाडत होता. अंगणात त्याची नवी मोटरसायकल होती. मी तिथेच त्याला गाठलं.

"तिचा डोळा चालला. औषधाले पैसे नव्हते अन् गाडीले होते?"

त्यानं आधी आजूबाजूला पाहिलं. मग दबक्या आवाजात म्हणाला, "तिची अंघोय, तिचं धुनं कोन करते? माही बायको करते. तिले रात्री ताप आला तं दवाखान्यात कोन नेते? तू वाशिमात बसून बाटल्या धाडते, बस. तेवढ्यावर हिशेब मांगते?"

तो जे बोलला ते सगळं खरं होतं. त्यानं पेन्शन खाल्ली हेही खरं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या आईला वाशिमला आणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, डाव्या डोळ्याची नजर गेली ती आता परत येत नाही, उजवा तरी जपा. मी रडायला लागले तर मोठी आई मलाच म्हणाली, "चूप राह्य. लोकं पाहून राह्यले."

घरी आल्यावर तिनं हळूच आणखी एक सांगितलं. शेजारची जागा भावाला आपल्या नावावर करून हवी होती. तो तिला तालुक्याला कागदावर सहीसाठी नेणार होता.

"मंग?"

"म्या म्हटलं, आंदी डोयाले दिसू दे, मंग कागद वाचून सही करतो. तवापासून तो कागदाचं बी बोलला नाई अन् थेंबाचं बी नाई."

मी तिला बँकेत नेलं. भावाकडचं जुनं कार्ड बंद केलं, नवं घेतलं, खात्याला माझा फोन नंबर लावला. भावाला कळवलं की ती आता माझ्याकडे राहील, आणि जागेच्या कागदाचं नाव काढलं तर मी पोलिसांत जाईन. त्यानं फोन आपटला. त्या दिवाळीत भाऊबीज झाली नाही. नातेवाइकांत मीच वाईट झाले, पण मनातून मी खूष होते. उशिरा का होईना, मी तिला वाचवलं होतं.

मोठी आई आमच्या मधल्या खोलीत राहायला लागली. थेंब मी स्वतःच्या हातानं टाकायची. पण ती जेवण टाकायला लागली. शिरपूरला तिच्याभोवती दिवसभर बायका असायच्या. इथे आम्ही दोघं दुकानात, मुलं क्लासला. ती टीव्हीसमोर आवाज ऐकत बसायची.

एके दिवशी मी दुकानातून आले तर दारातच उभी. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "बाई, मले थोडे पैसे देशीन काय?"

"कायले पाहिजे?"

"असेच."

"असे म्हणजे? काय आणायचं ते सांग ना, मीच आणून देते."

ती म्हणाली, "तो बी असंच इचारे."

तिचं कार्ड माझ्या कपाटात होतं, किल्ली माझ्या कमरेला. तिच्या पैशाला मी हात लावला नव्हता, पण तिलाही लावू दिला नव्हता. माझ्यात आणि भावात फरक आहे हे तिला समजावून सांगत बसले नाही. आत जाऊन कार्ड आणलं, तिच्या हातात दिलं. ते हातात धरून तिनं लगेच विचारलं, "मंग मले घरी कवा सोडते?"

पैसे कशाला हवे होते तेही नंतर कळलं. भावाच्या लहान मुलीचं जावळ होतं, आणि तिला पोरीसाठी वाळे घ्यायचे होते.

मी तिला शिरपूरला घेऊन गेले. वाटेत काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलं होतं, पण ओसरीवर टेकल्याबरोबर बोलली तीच. भावाला समोर बसवलं.

"तू अठी राह्य. गाड्यायचे पैसे तू घे, उन्हात तू उभा राह्यतं. पेन्शनीले हात लावाचा नाई. ते आनाले म्या बँकेत जाईन, तुही बायको सोबत येईन. अन् जागेवर सही म्या जितीपनी करत नाई. कोनालेच नाई." शेवटचे शब्द तिनं माझ्याकडे वळून म्हटले.

भाऊ मान खाली घालून बसला होता. त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात डोळे पुसत होती.

आता बाटली मी स्वतः घेऊन जाते. थेंब भावजय टाकते. न चुकता टाकते. भाऊ माझ्याशी बोलत नाही. मी गेले की उठून गाड्यांकडे जातो, आणि मोठी आई त्याच्या मागे हाक मारते, "चहा पिऊन जा रे." त्याला ती माफ करून मोकळी झाली. मला माफ करण्यासारखं काही आहे, हे तिच्या ध्यानीमनीही नाही. एकदा मी सांगून पाहिलं, की औषध बंद झाल्याचं मला कळत होतं.

"तुले दुकानाचा किती पसारा," ती म्हणाली, आणि ताटात आणखी भाकर वाढली.

गेल्या खेपेला मी तिच्या डाव्या बाजूला जाऊन बसले. ती गहू निवडत होती. बराच वेळ तिला मी आल्याचं कळलंच नाही. मी हाक मारली नाही, उठून उजव्या बाजूला जाऊन बसले.