देवांचा डबा

"काकू, देवघर रिकामं आहे. कार्ड इथं नाही."

फोनवर शेजारची वैशाली बोलत होती. मी भोपाळच्या विमानतळावर चाकाच्या खुर्चीत बसले होते. काउंटर बंद व्हायला पंधरा मिनिटं उरली होती. समोरच्या मुलीनं मला तिसऱ्यांदा सांगितलं होतं की ज्या कार्डानं तिकीट काढलं ते कार्ड पाहिल्याशिवाय ती मला विमानात सोडू शकत नाही. तिकडे पुण्याला माझी धाकटी बहीण सुमन दवाखान्यात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिचं ऑपरेशन होतं, आणि ताई आल्याशिवाय मी कागदावर सही करणार नाही, असं तिनं डॉक्टरांना सांगून ठेवलं होतं.

सुमनच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली होती. सायकलच्या जुन्या ट्यूबला एका जागी फुगा येतो तसं झालंय, असं डॉक्टरांनी मला फोनवर समजावलं. फुटली तर काही करता येणार नाही, म्हणून उद्याच कापायला हवं. सुमनला मूलबाळ नाही, नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, आणि हट्टी ती पाळण्यात असल्यापासून आहे. मी तिला रागावले. ती म्हणाली, "ताई, तू ये. आणि आईची अन्नपूर्णा आण. एकदा हातात घेते, मग त्यांना काय कापायचं ते कापू दे." आमच्या आईकडे चांदीची अन्नपूर्णा एकच होती. मी थोरली, म्हणून माझ्या लग्नात ती मला दिली. सुमनच्या वाट्याला पितळेची आली. तेव्हापासून दर दिवाळीला फोन करून ती आधी विचारते, "माझी अन्नपूर्णा बरी आहे ना?" आणि मग माझी चौकशी करते.

मी फार भाविक बाई नाही, हे आधीच सांगते. शाळा चौथीपर्यंत झाली, पोथी अडखळत वाचते. पूजा रोज करते, पण भांडी घासावीत तशी करते, टाकता येत नाही म्हणून. सासरे सरकारी नोकरीत नागपूरहून भोपाळला आले, तेव्हापासूनचे हे देव. माझे यजमान गेले त्या वर्षी मी या देवांना नको नको ते बोलले, आणि पुढं आमचं बोलणंच राहिलं नाही. मी फूल वाहायचं, त्यांनी बसून राहायचं. त्या दिवशी विमानतळावर मी कोणाला हाक मारली असं कोणी समजू नये. मी फक्त पिशवी उपसत होते आणि मनात सगळ्यांना शिव्या देत होते.

तिकीट वैशालीनं काढलं होतं. वैशाली म्हणजे भोपाळच्या बाग सेवनिया वस्तीतल्या आमच्या शेजारच्या घरची सून, इंदूरची मुलगी. सकाळी सुमनचा फोन झाल्यावर मी तिच्याकडे गेले, तिनं माझं पेन्शनचं कार्ड घेऊन मोबाईलवर दहा मिनिटांत तिकीट केलं. गुडघा दुखतो म्हणून खुर्चीही तिनंच सांगून ठेवली. कार्ड मी जिथलं तिथं नेऊन ठेवलं. माझी जागा ठरलेली आहे. देवघरात देवांच्या खाली लाल आसन आहे, त्याच्या घडीत. बँकेतल्या माणसानं सांगितलं होतं की कार्ड सुरक्षित जागी ठेवा, आणि मला त्याहून सुरक्षित जागा माहीत नाही.

काउंटरवरची मुलगी वाईट नव्हती. तिनं समजावून सांगितलं की दुसऱ्याचं कार्ड चोरून लोक तिकिटं काढतात, म्हणून कंपनीचा कॉम्प्युटर अधूनमधून एखाद्या तिकिटावर खूण करतो, आणि मग कार्ड बघावंच लागतं. आज ती खूण माझ्या नावावर आली होती. मी म्हटलं, बाई, कार्ड माझंच आहे, मी माझीच चोरी कशाला करू. ती हसली, पण विमानात बसायचा कागद दिला नाही. कार्डाचा फोटो आला तरी मोठ्या साहेबांना विचारते, म्हणाली. नवीन तिकीट काढायची वेळ निघून गेली होती. आगगाडी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचवणार. मी वैशालीला फोन करून आमचं घर उघडायला लावलं, कारण किल्ली तिच्याकडेच होती, आणि आसनाखाली बघायला सांगितलं. तिथून ते उत्तर आलं. देवघर रिकामं आहे. वैशाली रडायला लागली, कार्ड जवळ ठेवायची तिकिटावरची सूचना मी नीट वाचली नाही काकू, म्हणाली. मी तिला म्हटलं, रडू नको, कुलूप लाव.

फोन ठेवला आणि पिशवी मिटली. शोधायला काही राहिलं नव्हतं. सुमन सही करणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. ती धमकी देत नाही, ती तशीच आहे.

माझी खुर्ची ढकलणारा माणूस इतका वेळ मागे उभा होता. पन्नाशीचा असेल, दाढी अर्धी पिकलेली. तो वाकून म्हणाला, "अम्मा, घर पे क्या खाली है?"

मी म्हटलं, देवघर. भगवान बैठते हैं, वो जगह.

"तो भगवान कहाँ गए?"

मला रागच आला. माणूस काय विचारतोय आणि वेळ काय आहे. मी फटकन म्हटलं, "मेरे थैले में हैं, और कहाँ. चावल में."

"तो अम्मा," तो शांतपणे म्हणाला, "एक बार उनके पास भी देख लो."

आमच्यात घर बरेच दिवस बंद राहणार असेल तर देव तांदळात ठेवतात, म्हणजे ते उपाशी राहत नाहीत. सकाळी मी स्टीलच्या डब्यात देव ठेवून वरून तांदूळ घातले होते. अन्नपूर्णा न्यायचीच होती, मग बाळकृष्ण आणि पिंड मागं कशाला ठेवा, म्हणून डबाच बरोबर घेतला. रिक्षा दारात उभी होती, घाई होती. चष्मा कपाळावर. मी देव कसे उचलले ते मला आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही.

जिथं लोक बॅगा आपटतात तिथं देव काढायचे, हे मला पटत नव्हतं. पण मी डबा उघडला. वर तांदूळ. बाळकृष्ण हाताला लागला, तो ठेवायला स्वच्छ जागा दिसेना. त्या माणसानं दोन्ही तळवे पँटला पुसले आणि ओंजळ पुढं केली. मी बाळकृष्ण त्याच्या ओंजळीत ठेवला, मग शंकराची पिंड, मग अन्नपूर्णा. तो हलला नाही, मोठ्यानं श्वाससुद्धा घेत नव्हता. तळाशी लाल कापड लागलं. आसन मी देवांसकट उचलून डब्यात घातलं होतं. घडी उलगडली आणि त्यात कार्ड होतं.

आकड्यांवर कुंकू बसलं होतं. मुलीनं बोटानं घासून शेवटचे चार आकडे वाचले, कॉम्प्युटरशी जुळवले, माझं नाव जुळवलं. तिच्या बोटाला कुंकू लागलं होतं, तसंच ती टाइप करत राहिली. खाली थोडे तांदूळ सांडले होते. देव माझ्या हाती देऊन त्या माणसानं ते दाणे वेचले आणि विचारलं, "इसी में डाल दूँ?" मी डबा पुढं केला. मग त्यानं खुर्ची अशी पळवली की पुढचे लोक आपोआप बाजूला झाले. त्याच्या छातीवर नावाची पट्टी होती, पण इंग्रजीत. मी विचारलं नाही. ही माझी चूक झाली.

संध्याकाळी दवाखान्यात पोचले तर सुमन म्हणाली, "उशीर केलास." अन्नपूर्णा हातात घेऊन उलटसुलट बघितली. "किती काळी पडलीय, घासत नाहीस का?" मी म्हटलं, तू बरी हो आणि तूच घास. तिनं नर्सला बोलावलं आणि सही केली. रात्रभर मूठ सोडली नाही. सकाळी आत नेताना ती मूठ मी उघडली, तेव्हा तिच्या तळहातावर अन्नपूर्णेच्या पाटाची खूण उमटली होती.

तिला आत नेल्यावर बाहेरच्या बाकावर मी डबा मांडीवर घेऊन बसले. तिथं मला कळलं ते एवढंच. याला चमत्कार म्हणायचं तर म्हणवत नाही, कार्ड मीच ठेवलं होतं. पण मला ते सापडत नव्हतं, आणि एका परक्या माणसानं मला विचारलं की तुझा देव कुठं आहे. इतक्या वर्षांत मी स्वतःला ते विचारलं नव्हतं. मला वाटायचं देवांना मी सांभाळते, आंघोळ घालते, डब्यात घालून गावोगाव नेते. त्या दिवशी माझे हात रिकामे झाले तेव्हाच मी डबा उघडला, त्याआधी उघडला नसता. शरण जाणं म्हणतात ते याहून काही मोठं असेल तर ते मला माहीत नाही. बाकावर बसून मी बऱ्याच वर्षांनी देवाशी बोलले. सुमनला वाचव, असंही म्हटलं नाही. म्हटलं, तुझ्याकडे आहे ती, तू बघ.

भोपाळला परत आल्यावर विमानतळावर त्या माणसाला शोधलं. तो सुटीवर होता, किंवा मला नीट सांगता आलं नाही. आता दिवा लावताना वैशालीचं नाव घेते, त्या काउंटरवरच्या मुलीची आठवण काढते, आणि तो खुर्चीवाला, असं म्हणते. देवाला कळत असेल कोण ते.

त्या सकाळी ऑपरेशन साडेपाच तास चाललं. साडेबारा वाजता डॉक्टर बाहेर आले, तोंडावरची पट्टी खाली केली आणि माझ्या शेजारी बाकावर बसले.

सुमन जगली.