आतल्या भिंतीचा बोर्ड

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. सुनंदाला, माझ्या बायकोलाही ठाऊक नाही—आणि ती तर त्याच घरात होती. एकदोनदा तिला सांगायला म्हणून बसलो, आणि सांगितलं काय? पत्रा किती तापतो ते. आताही मी तिथूनच सुरुवात करणार, हे मला दिसतंय. निदान या वेळी तिथे थांबणार नाही.

माझं काम तपासणीचं. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात बनून आलेले भाग मी मोजतो आणि पास की नापास ते ठरवतो. केसभर फरक असला तरी भाग परत पाठवतो. त्यापायी शिव्याही खाल्ल्यात. हा माणूस आकडा फिरवत नाही, असं माझ्याबद्दल बोललं जातं. ते खरं आहे. म्हणून तर हे लिहिणं जास्त अवघड जातंय.

आमचं घर बैठं, शहराच्या कडेला. वर स्लॅब नाही, पत्रा. स्लॅब पुढच्या वर्षी टाकू, असं म्हणत म्हणत पोरगी शिकून नोकरीला लागली. एप्रिलात दुपारी घरात पाय ठेवला की भट्टी. मग मी चौकशी करून सॉफ्टबोर्ड आणले. लाकडाचे तंतू भिजवून, दाबून, वाळवून हा बोर्ड करतात. हलका, मऊ, नख रोवलं तर खूण उमटते. तंतूंच्या मध्ये हवा अडकून राहते, आणि ती हवाच उष्णता अडवते. पत्र्याखाली लाकडी पट्ट्या ठोकून, मध्ये बोटभर पोकळी ठेवून सुताराने ते बसवले. पश्चिमेच्या भिंतीलाही आतून लावले. वाळवीचं औषध मी स्वतः मारलं. भर दुपारी खोलीत एकेचाळीस अंश व्हायचे, ते छत्तिसावर आले. पुढे कितीतरी दिवस घराला ओल्या भुशाचा वास होता. मला तो आवडायचा. अजून कुठे सुतारकाम चाललेलं असलं की मी उगाच थांबतो.

आईने पश्चिमेच्या भिंतीवरून तळहात फिरवला आणि म्हणाली, "घराला घोंगडं पांघरलंस व्हय रं दादा! वास मातुर भिजल्या मेंढराचा येतुया."

इथपर्यंत सगळं खरं आहे. काम संपलं तेव्हा काही बोर्ड उरले होते, म्हणून—नाही. उरले नव्हते. बोर्डांचा हिशेब माझ्याकडून चुकत नाही. मी ते जास्तीचे मागवले होते, आणि कशासाठी ते मला मागवतानाच माहीत होतं.

पण आधी आईविषयी सांगायला हवं.

आम्ही मूळचे जतच्या बाजूचे. मेंढरांचं घर. दिवाळी झाली की आई आणि आबा कळप घेऊन नदीकाठच्या उसाच्या पट्ट्यात उतरायचे. मी शाळेसाठी गावात, चुलत्यांकडे. पावसाच्या तोंडाला ती दोघं परत यायची. गाव उघड्या माळावर, झाड म्हणून डोळ्यांना दिसायचं नाही. धूळ दिसायच्या, सामानाचं घोडं दिसायच्या कितीतरी आधी टेकाडापलीकडून हाळी यायची—"दादाऽऽ"—शेवटचा स्वर वर नेऊन ती तो तिथेच धरून ठेवायची. मी हातातलं टाकून पळत सुटायचो. पोरं चिडवायची, "तुझ्या आयला पोस्टाचं काय कामच न्हाई रं, हितनं सांगलीला निरोप जातुया!" आणि मला काय वाटायचं सांगू? अभिमान. माझ्या आईएवढा आवाज कुणाच्याच आईला नव्हता. महिनोन्महिने मी त्या एका हाळीची वाट बघत असायचो. अजून डोळे मिटले की चेहऱ्याआधी तो स्वर येतो. पायांत काहीतरी धावायला लागतं—या वयात.

आबा गेल्यावर ती साताऱ्याला आमच्याकडे आली. तिची खोली आणि माझी खोली शेजारी. मध्ये चार इंची विटांची भिंत, तीही पत्र्यापर्यंत न गेलेली. वर हातभर मोकळं. त्या फटीतून वारा यायचा, आणि आई यायची—म्हणजे तिचा आवाज. उठून यायची तिला गरजच नव्हती.

"दादा, हायस का?"

"हाय, आये."

मग काहीतरी किरकोळ. सुनंदाला कढी करायला सांग. ते दूधवालं पोरगं लय वाळलंय बघ. पुष्कळदा पुढे काहीच नसायचं. मी आहे एवढं कळलं की तिचं काम झालं. आणि खरं सांगू का, माझंही व्हायचं.

घरून काम करायचे दिवस आले तेव्हा मी माझ्या खोलीत टेबल मांडलं. कारखाना पुन्हा सुरळीत झाला तरी सकाळच्या मीटिंगा तिथूनच व्हायच्या. एका सकाळी पुण्याचे मोठे साहेब होते, बाहेरची माणसं होती. एक सबंध खेप मी नापास का केली ते समजावून सांगत होतो, आणि भिंतीवरून आवाज आला, "दादा, पोट झालं का रं साफ? काल लय वांगी हाणलीस!"

मग साहेब म्हणाले, "आधी त्यांना रिपोर्ट द्या, आम्ही थांबतो." सगळे हसले. वाईट नाही हसले, मीही हसलो. पुढच्या वेळी कुणीतरी विचारलं, "काय, आज वांगी पास का नापास?" बस, एवढंच. एवढ्यावर त्यांच्यापुरता विषय संपला.

माझ्यापुरता नाही संपला. मला लाज कशाची वाटली होती? वांग्यांची? पोटाची? नाही. त्या आवाजाची. उघड्या माळावरचा आवाज माझ्या टेबलापर्यंत आला, त्या लोकांनी ऐकला, आणि मी कुठून आलोय ते त्यांना एका वाक्यात कळलं—याची. पंचवीस वर्षं मी जे बोलणं घासूनपुसून घेतलं होतं, ते तिने एका दमात उघडं पाडलं, असं मला वाटलं.

तिला सरळ सांगता आलं असतं. आये, सकाळी माझी मीटिंग असते, तेवढा वेळ हाक मारू नको. ती बसली असती गप्प. मग का नाही सांगितलं? कारण तिने विचारलं असतं, "का रं, काय झालं?"

म्हणून मी सुताराला म्हटलं, मधल्या भिंतीलाही लावा, दुहेरी, आणि वरची फट बंद करून टाका. सुनंदाने विचारलं, "तिकडं ऊन कुठं लागतं?" मी म्हटलं, "गरम हवा वरून फिरते, ती थांबेल." मी म्हणतोय म्हणजे मोजलं असणार, असं धरून ती स्वयंपाकघरात गेली. मी काही मोजलेलं नव्हतं. त्या भिंतीच्या दोन्ही अंगांना बारा महिने सावली. उलट फट बुजल्यावर आईच्या खोलीतला वारा गेला.

पण कबुली याची नाही. भिंतीला बोर्ड काय, कुणीही लावतो.

मोजला तो मी आवाज. मोबाइलवर आवाज मोजायची सोय असते. बोर्ड लावण्याआधी एकदा आईशी गप्पा मारत बसलो होतो, मांडीवर फोन ठेवून. तिचा आवाज सत्तर डेसिबलच्या आसपास भरला. बोर्ड लागल्यावर पुन्हा तसाच बसलो. पुन्हा सत्तर. मग माझ्या खोलीत आलो, दार लावलं आणि थांबलो. नेहमीप्रमाणे हाक आली असावी. कानांनी ऐकली म्हणण्यापेक्षा फोनवरचा आकडा जरासा हलला, म्हणून कळलं. पंख्याचा आवाज तिच्याहून मोठा होता. मी आकड्याकडे बघत उभा राहिलो. थोड्या वेळाने आकडा पुन्हा हलला. आई हाक मारत होती, आणि मी ओ न देता तिची हाक मोजत होतो. काय वाटलं असेल मला तेव्हा? काम चोख झालंय, असं वाटलं.

पुढे काही दिवसांनी ती स्वतःच दारात आली. गुडघ्यावर हात ठेवून उभी. "का रं, हाका मारून दमली मी. ओ देत न्हाईस. रागावलास व्हय माझ्यावर?"

इथे खरं बोलायला जागा होती. बोर्ड लावलेली भिंत आमच्या दोघांच्या समोर होती. मी म्हटलं, "तसं न्हाई, आये. तुझा आवाज बारीक झालाय आता. पलीकडं येतच न्हाई."

"माझा?"

"व्हय."

"आवाज?"

"वयानं होतं तसं."

ती हसली. "दात गेलं, गुडघं गेलं. आता ह्येच ऱ्हायलं हुतं बघ."

हे मी केलं. तिचा आवाज सत्तर आहे हे माहीत असताना तिला सांगितलं की तो गेला. आणि तिने ते मानलं. का नाही मानणार? मोजायचंच काम करणारा माणूस सांगत होता.

दुसऱ्या दिवसापासून तिने ताक बंद केलं. घशाला वाईट म्हणून. भाकरी आणि ताक ही तिची जेवायची रीत, पण ती सुनंदाच्या हातातलं भांडं बाजूला सारायची. आमटीतली चिंच नको म्हणाली. बाजारातून ज्येष्ठमध आणायला लावलं—मीच आणून दिलं. सुनंदा एकदा म्हणाली, "अहो आई, मला तर तुमचं चांगलं ऐकू येतं." आई म्हणाली, "तू जवळ असतीस गं. लांब जात न्हाई आता." मी शेजारीच जेवत होतो. मान खाली घालून जेवत राहिलो.

आधी ती उठून दारापर्यंत यायची. मी पडद्यावर कुणाशी बोलत असलो की चौकटीला हात लावून थांबायची, आणि परत जायची. मग गुडघे जास्त धरले, तेही थांबलं. घर शांत झालं. मला हवं होतं तेवढं, आणि त्याहून बरंच जास्त.

ती गेली त्याला आता तीन वर्षं होतील. आजाराने गेली, त्यात भिंतीचा काही संबंध नाही, असं डॉक्टर सांगतील आणि ते बरोबरच असेल. पण एक अजून राहिलंय. ते टाळलं तर वर लिहिलेलं सगळं पुन्हा पत्र्याचीच गोष्ट होईल.

ती जाण्याच्या आदल्या वर्षी आम्ही दोघं गावी गेलो होतो. निघायच्या दिवशी सकाळी बिराच्या, माझ्या चुलतभावाच्या कळपापाशी थांबलो. त्याची मेंढरं चरत चरत ओढ्यापलीकडे कुणाच्या तरी डाळिंबाच्या बागेकडे सरकली होती. बिराने शिट्ट्या घातल्या, शिव्या घातल्या. एक मेंढरू वळेना. तो आईकडे वळून म्हणाला, "आवं काकी, द्या की हाळी! तुमच्या हाळीला वळतील ती. माझी आय सांगायची, दोन माळ वलांडून जायाची म्हणून."

आई दगडावरून उठली. तोंडावरचा पदर बाजूला केला, छाती भरून श्वास घेतला. मला तो दिसला. आणि मग तिने माझ्याकडे बघितलं.

"दादा, जाईल का रं तितवर?"

"जाईल न्हाई तर काय!" बिरा म्हणाला. पण तिने त्याला विचारलं नव्हतं.

मला काय करायचं होतं? "मार की" एवढे दोन शब्द. माझं सगळं खोटं त्या दोन शब्दांत वाहून गेलं असतं, आणि मला काही कबूलही करावं लागलं नसतं. पण हाळी ओढ्यापलीकडे गेली असती, मेंढरं वळली असती, आणि मग तिने घरची भिंत आठवली असती. मला तेवढंच दिसलं. मी मान हलवली. नाही म्हणून.

तिने घेतलेला श्वास हळूच सोडला आणि खाली बसली. बिरा ओढ्यातून धावत गेला. बागवाल्याच्या शिव्या आम्हाला इकडे ऐकू येत होत्या.

गाडीत बसल्यावर तिने माझ्या हातावर हात ठेवला. "बरं झालं तू हुतास. न्हाईतर समद्यांम्होरं त्वांड उघडलं असतं आन आवाजच फुटला नसता. लय हसू झालं असतं रं माझं."

मी म्हटलं, "काच वर घे, आये, धूळ येतीय."

तिने काच वर घेतली. विट्यापर्यंत ती बोलत होती—बिराच्या लेकराविषयी, पाण्याविषयी, डाळिंबांविषयी—आणि तिचा आवाज गाडीभर होता.