नाव एकाचं, रिपोर्ट दुसऱ्याचा

डोंबिवलीतल्या त्या ऑफिसात माया माझ्या शेजारी बसायची. आम्ही सगळे मिळून पाच जण. मी वेबसाइटचे रंग आणि बटणं करायचे, माया पीएचपी नावाच्या भाषेत कोड लिहायची. ती आंबिवलीजवळच्या मोहन्याची. वडील, जगन, तिथल्या रेयॉनच्या कंपनीत कामाला होते. कंपनी बंद पडली आणि ते एका सोसायटीत वॉचमन झाले. घरात कॉम्प्युटर शिकलेली ही पहिलीच.

कोडमध्ये ॲरे म्हणजे नंबर लावलेली यादी. एकदा मी तिला विचारलं, "एका ॲरेत दुसरा ॲरे, त्यात तिसरा, तुला गोंधळायला होत नाही?"

"गोंधळ कसला? आमच्या चाळी बघ. चाळ नंबर, मग खोली नंबर, मग खोलीतली माणसं. नंबर बरोबर असले की पोस्टमन बरोबर दारात येतो."

कल्याणच्या एका पॅथॉलॉजी लॅबचं काम आमच्याकडे आलं तेव्हा आमचे सर, ऋतुराज, यांनी ते मायालाच दिलं. पेशंटला मोबाइलवर रिपोर्ट दिसला पाहिजे, एवढंच काम. लॅबची रक्त घ्यायची सेंटरं कल्याणला, आंबिवलीला, आणखी दोन ठिकाणी. प्रत्येक सेंटरचा एक ॲरे, त्यात पेशंटच्या नंबराखाली त्याचं नाव. दुसऱ्या ॲरेत त्याच नंबराखाली त्याचे रिपोर्ट. मायानं सगळ्या सेंटरांची नावं एकत्र जोडली, रिपोर्टही जोडले, आणि दोन्ही समोरासमोर लावून दाखवले. साइट सुरू झाली. लॅबचे डॉक्टर खूश होते. कित्येक महिने कुणाची तक्रार नव्हती.

मग एका दुपारी लॅबमधून फोन आला. ऋतुराज सर बोलता बोलता खुर्चीतून उठले आणि दार लावून आत गेले. बाहेर आले ते थेट मायाच्या टेबलापाशी.

"आंबिवलीचा कोण परशुराम म्हणून पेशंट आहे, त्याचा रिपोर्ट बघ. साइटवर प्लेटलेट नॉर्मल दिसतायत. मशीनच्या कागदावर खूप कमी आहेत."

"असं कसं होईल?" माया म्हणाली. "त्यांना बोलवून घेतलं का?"

"तो गेला," सर म्हणाले. "काल."

परशुराम आंबिवली स्टेशनबाहेर रिक्षा चालवायचा. डेंग्यू झालेला. त्याच्या डॉक्टरांनी मोबाइलवर रिपोर्ट पाहिला, प्लेटलेट चांगल्या आहेत म्हणाले, आणि घरीच आराम करायला सांगितलं. नाकातून रक्त यायला लागलं तेव्हा बायको शालूनं त्याला दुसऱ्याच्या रिक्षात घालून कल्याणला नेलं. उपयोग झाला नाही. हॉस्पिटलनं कागदी रिपोर्ट मागितला म्हणून तिचा भाऊ लॅबमध्ये गेला, आणि तिथं दोन रिपोर्ट दोन प्रकारचे निघाले.

मायाला चूक सापडायला वेळ लागला नाही. पीएचपीत ॲरे जोडायच्या दोन रीती असतात. एका रीतीत पेशंटचे नंबर आहेत तसे राहतात. दुसरीत ते पुसले जातात आणि शून्यापासून नवे पडतात. तिनं दुसरी वापरलेली. नावांनाही नवे नंबर, रिपोर्टनाही नवे, दोन्हीकडे क्रम तोच. म्हणून रोज सगळं बरोबर दिसायचं. त्या दिवशी मात्र गोदाबाई नावाच्या एका म्हातारीचं रक्त नळीतच गोठलं आणि तिचा रिपोर्ट निघालाच नाही. नावांत ती होती, रिपोर्टांत नव्हती. तिथून पुढचा प्रत्येक रिपोर्ट एक घर वर सरकला. परशुरामचा रिपोर्ट गोदाबाईला गेला. परशुरामला त्याच्या पुढच्या माणसाचा आला.

"ही ओळ माझी आहे," माया म्हणाली.

सर हळू आवाजात म्हणाले, "दुरुस्त कर. कुणाला काही बोलायचं नाही. लॅबवाले बघून घेतील."

"आणि त्या दिवसाचे बाकीचे पेशंट? त्यांच्याकडेही चुकीचेच रिपोर्ट आहेत, सर."

"विचारायला येतील त्यांना नवीन देतील."

"ज्यांना माहीतच नाही ते कशाला येतील?"

सर वळून आत गेले. मायानं ओळ दुरुस्त केली आणि मोबाइल घेऊन जिन्यात गेली. तिथंच पायरीवर बसून तिनं एकेकाला फोन लावला. कुणी शिव्या घातल्या, कुणाला वाटलं फसवणुकीचा फोन आहे. गोदाबाईचा मुलगा म्हणाला, "अहो, आईला आम्ही घाबरून ॲडमिट केली. तिथं परत तपासलं तर सगळं बरोबर! लॅबवाल्यांनी घोळ घातला म्हणून हसत घरी आणली." तो कमी प्लेटलेटवाला रिपोर्ट मग कुणाचा, हे त्या हॉस्पिटलात कुणालाच सुचलं नव्हतं.

रविवारी माया आई कांताला घेऊन आंबिवलीला गेली. "तू कशाला जातेस, मारतील तुला," म्हणून वडिलांनी अडवलेलं. पुढचं मला कांतामावशींनी सांगितलं. शालू दारातच बसलेली. तिला वाटलं, लॅबकडून कुणी मदत घेऊन आलंय.

"मॅडम, मशीन चुकलं का?" तिनं विचारलं.

"मशीन बरोबर होतं. मी चुकले," माया म्हणाली, आणि तिला समजेल असं सगळं सांगितलं.

शालूनं ऐकून घेतलं. रडली नाही, ओरडलीही नाही. म्हणाली, "ते मला म्हणत होते, अंगात काहीच दम नाही गं. मी त्यांना मोबाइल दाखवला. म्हटलं, हे बघा, रिपोर्ट चांगलाय, उगाच घाबरू नका. मीच म्हटलं." उठताना शालू म्हणाली, "हे सगळ्यांसमोर सांगाल?"

"सांगेन."

शालूच्या भावानं ठाण्याला ग्राहक आयोगात तक्रार केली. मायानं जे घडलं ते सहीनिशी लिहून दिलं. त्याच आठवड्यात सरांनी तिला काढलं. लॅबनं सगळा दोष तिच्यावर टाकला. कागदी रिपोर्टवर प्लेटलेट इतक्या कमी होत्या, तरी लॅबमधून कुणी पेशंटला फोन का केला नाही, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

मायाला पुढे कोडिंगचं काम मिळालं नाही. खरं तर ती मागायलाच गेली नाही. एका इंटरव्ह्यूला बसली, कीबोर्डवर हात ठेवले आणि काही न लिहिता उठून आली, असं तिनंच मला सांगितलं. आता ती कल्याणला एका कापडाच्या होलसेल दुकानात बिलं करते. शालूनं रिक्षा विकली आणि ती शहापूरकडे माहेरी राहते.

आयोगातल्या गेल्या तारखेला मी मायाबरोबर ठाण्याला गेले. मी अजून त्याच ऑफिसात आहे, त्यामुळे मला ताप आलाय असं सरांना कळवून गेले. शालू आधीच आलेली. बाकावर सरकून तिनं मायाला जागा दिली. दुपारनंतर नाव पुकारलं. लॅबचा वकील आला नव्हता, पुढची तारीख पडली.

बाहेर पडताना शालूनं पिशवी खांद्याला लावली आणि मायाकडे न बघताच विचारलं, "तेव्हा येशील ना?"

माया म्हणाली, "येईन."

शालू एसटी स्टँडच्या दिशेनं निघून गेली. आम्ही रिक्षासाठी थांबलो. पहिली आली ती मायानं जाऊ दिली, दुसरीही. शेवटी म्हणाली, "चालतच जाऊया गं."